दिगू, तुझी नासाऊ आणि मी केलेला फोन

"राऊस! सोफोर्ट राऊस आउस डेम वासर!"

आपल्या बोटवाल्यांच्या क्लबातले हेर ओस्टमान ओरडत होते, आणि ते ओरडले की आमच्या डार्मश्टाटच्या तळ्यातली बदकं थेट फ्रँकफुर्टला जाऊन उतरतात. बाहेर या, आत्ताच्या आत्ता पाण्यातून बाहेर या. तू ऐकत नव्हतास, दिगू. बूट, पँट, स्वेटर, सगळ्यासकट तू छातीभर पाण्यात होतास, आणि हातभर अंतरावर तुझी बोट, नासाऊ, कुशीवर पडून कुकरसारखी वाफ सोडत होती. काठावर आम्ही सगळे. कुणाच्या हातात बटाटावडा, कुणाच्या हातात मोबाइल. एप्रिलचं ऊन नुसतं दाखवायला होतं. पाणी असं गार की बोट बुडवलं तर परत मिळेल याची खात्री नाही. ओस्टमान पुन्हा ओरडले तेव्हा तू वळलास. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंस आणि हसलास.

त्या हसण्याला मी घाबरतो. कारण ते माझे आभार मानणारं हसणं होतं.

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर 'दोन छान परिच्छेद' मागितलेत. जन्म कुठला, कॉलेज कुठलं, कंपनीत कुठल्या हुद्द्यावर होतास, ते दुसरं कुणीतरी लिहील. मला ते जमणार नाही, कारण तू गेल्यापासून, सोळा दिवस, माझ्या पोटात एक फोन आहे. तुझी डॉक्टरची तारीख पुढे ढकलणारा. तो मी केला होता, आणि वहिनींना ते माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

बरं, एक दिवस. तू असतास तर लगेच भागलं असतंस. तुझा नियमच होता तो: विनू जे सांगेल त्याला तीननं भागा. पुलाला सेफ्टी फॅक्टर असतो तसा माझ्या बोलण्याला. मी म्हणालो, माझ्या पहिल्या हिवाळ्यात दिगूनं मला सहा महिने त्याच्या सोफ्यावर झोपू दिलं, की तू मागून म्हणायचास, "दोन." आणि खरंच दोन होते. पण त्या दोन महिन्यांत रोज सकाळी माझ्या उशाशी चहाचा कप असायचा, आणि त्याला भागता येत नाही.

आता त्या फोनचं मूळ सांगतो, म्हणजे लोकांना कळेल की हा मूर्खपणा आपल्यालाच का सुचू शकतो.

समोरासमोर जर्मन बोलायला तू कधी घाबरला नाहीस. तुझे हात असायचे, कागद असायचा, पेन्सिल असायची. दोन रेघा मारल्यास की जर्मन माणूस 'आख सो' म्हणून गप्प. पण फोन वाजला की एकोणीस वर्षं इथे राहिलेला इंजिनिअर दिगंबर चिंचणीकर पडद्याआड लपायचा. मग मी बोलायचो. तुझ्या नावानं, तुझी जन्मतारीख सांगून, आडनावाचं एकेक अक्षर फोडून. आधी फक्त तुझ्यासाठी, मग बातमी पसरली. या गावातल्या तीस मराठी माणसांचा जर्मन आवाज मीच आहे. (दहा.) इंटरनेटचं कंत्राट तोडायचंय, घरमालकाला बुरशी दाखवायचीय, तुझ्या मीराला पाळणाघरात जागा हवीय, लावा विनूला. तुझ्या विम्याच्या लोकांना वाटतं की हेर चिंचणीकर फार गप्पिष्ट माणूस आहे. तू, दिगू, ज्याला 'बरं' म्हणायला दोन मिनिटं लागायची.

कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. वहिनी तर म्हणायच्या, भावजी, तुमच्या आवाजात हे जास्त शहाणे वाटतात.

आणि ती तुझी सवत. नासाऊ. मी तिला सवत म्हणायचो आणि वहिनी म्हणायच्या, सवत असती तर बरं झालं असतं, ती केलरमध्ये बसून पितळ घासत तरी बसली नसती. नऊ वर्षं तू त्या तळघरात बसून शंभराव्या हिश्शाच्या मापात ती बांधलीस: माणसाएवढी लांब, एकोणीस किलो वजन, आणि पोटात खरा तांब्याचा बॉयलर, खरी वाफ. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हसलो होतो. सहा बुरूज, प्रत्येकात दोन तोफा. एक बुरूज पुढे, एक मागे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. मी म्हणालो, दिगू, अरे एका बाजूला लढायची वेळ आली तर दुसऱ्या बाजूच्या चार तोफा काय करणार? लग्नातल्या काकांसारख्या नुसत्या बसून राहणार?

तू रागावलास. तुझा राग म्हणजे तू चष्मा पुसायचास. मग तू मला खाली बसवून सांगितलंस. इंग्रजांनी सगळ्या तोफा एकाच मोठ्या मापाच्या असलेली ड्रेडनॉट पाण्यात सोडली आणि जगातल्या बाकीच्या युद्धनौका उभ्या जागी म्हाताऱ्या झाल्या. जर्मनांनी उत्तर म्हणून काढलेली पहिली नौका ही. पण इंग्रजांनी टर्बाइन बसवली होती, आणि इथल्या आरमाराचा जीव अजून जुन्या उभ्या वाफेच्या इंजिनांत अडकला होता. तीन इंजिनं. त्यांनी जहाजाचं मधलं सगळं पोट खाल्लं, मग बुरूज बाजूंना सरकले. "आणि त्या चार तोफा बसून नसतात," तू म्हणालास. "राखीव असतात. जहाज वळलं की ताज्या तोफा, ताजी माणसं."

मी म्हणालो, हे म्हणजे आधी चूक करायची आणि मग तिला धोरण म्हणायचं. हा वाद आपण सात वर्षं घातला. तुझ्या घरी, माझ्या घरी, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, एकदा तर बाजूच्या टेबलावरच्या जर्मन माणसानं खुर्ची ओढून माझी बाजू घेतली. तो संपलेला नाही. आता तो जिंकायची मला भीती वाटते, दिगू. समोर कुणी नसताना जिंकलेला वाद फार वाईट आवाज करतो.

पण तुझं खरं प्रेम तिच्या तोफांवर नव्हतं, तिच्या झुलण्यावर होतं. दिवसभर कंपनीत गाड्यांची थरथर मोजणारा माणूस तू. ही नौका कागदावर अतिशय स्थिर होती. बाजूंना एवढं वजन, एवढी रुंदी, हलणारच नाही असं ठरलेलं. आणि उत्तर समुद्रात गेली ती अशी झुलायला लागली की बस. तिची झुलण्याची लय आणि तिथल्या लाटांची लय एकच निघाली. अनुनाद. शेवटी तळाच्या दोन्ही कडांना लांब पट्ट्या बसवल्या तेव्हा कुठे बाई शांत झाली. हे सांगताना तुझे डोळे भरायचे. "त्यांनी सगळं मोजलं होतं रे," तू म्हणायचास. "फक्त समुद्राला विचारलं नाही."

तिच्या लढाईची गोष्ट मात्र मी तुझ्यापेक्षा चांगली सांगायचो, हे तू कबूल केलं होतंस. पहिल्या महायुद्धात, युटलंडच्या लढाईत, अंधारात एक चिमुरडी इंग्रज विनाशिका हिच्यावर येऊन आदळली. इतकी जवळ की हिच्या मोठ्या तोफांना मान खाली घालून तिच्याकडे बघताच येईना. तोफा डागल्या, गोळे वरून गेले, पण नुसत्या त्या धक्क्यानं समोरच्या बोटीचा वरचा मजला उडाला. तरी ती चिमुरडी बुडाली नाही; हिच्या अंगाचा मोठा पत्रा फाडून, डेकवर घेऊन घरी गेली. मी सांगताना ती अर्धं जहाज घेऊन जायची. तू मागून म्हणायचास, "सहा मीटर." मी म्हणायचो, दिगू, दोन्हीकडची माणसं मेली त्यात, जरा मोठं वाटू दे. त्यावर तू एकदा म्हणालास, माणसं मेली असतील तिथे माप नीट सांगायचं असतं.

ते मी तेव्हा ऐकलं नाही. आता रोज ऐकतो.

मागच्या शरदात आपण डोर्डरेख्तला गेलो. तुझाच हट्ट. युद्धानंतर नासाऊ भरपाई म्हणून जपानला दिली, जपान्यांनी ती नेलीच नाही, विकून टाकली, आणि हॉलंडमधल्या त्या गावात ती मोडली. आपण चार गाड्या बदलून पोचलो आणि तिथे काय? नदी. फ्लॅट. सायकली. एक बाई कुत्र्याला फिरवत होती. तू नदीकडे बघत खूप वेळ उभा राहिलास, मग छातीवर हात ठेवून म्हणालास, "विनू, इथे काहीतरी झुलतंय."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, पट्ट्या बसवून घे.

तू हसलास. मीही हसलो. परतीच्या गाडीत दोनदा तू खिडकीला डोकं टेकलंस, आणि मी समोर बसून एका डच माणसाला सांगत होतो की आपण दोघं पाणबुड्या बनवतो.

नंतर वहिनींनी तुला हाउसआर्त्झ्टकडे ओढून नेलं, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी हृदयाच्या तज्ज्ञाकडे पाठवायची चिठ्ठी दिली. तारीख मी मिळवली, तुझ्या आवाजात, म्हणजे माझ्या. एप्रिलमधला एक गुरुवार, सकाळी दहा वाजता. साडेचार महिने थांबून मिळालेला. वहिनींनी तो फ्रिजवर लावला.

आणि त्याच गुरुवारी सकाळी दहा वाजता मानहाइमहून केसेलप्रुफर, म्हणजे बॉयलर तपासणारा, येणार होता. आपल्या बोटवाल्यांच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबमध्ये, खऱ्या वाफेचा बॉयलर असेल तर तो तपासून कागद मिळाल्याशिवाय पाण्यात सोडता येत नाही, खेळण्यातला असला तरी. तपासणारा तो एकच म्हातारा, वर्षातून एकदा येणारा. त्या गुरुवारी कागद नाही, तर शनिवारी नासाऊ नाही.

लोकांना आजवर माहीत आहे ते असं: डॉक्टरांच्या प्राक्सिसनं, म्हणजे दवाखान्यानं, स्वतःच फोन करून तुझी तारीख अकरा आठवडे पुढे ढकलली. तूच सगळ्यांना तसं सांगितलंस. कारण मी तुला तसं सांगितलं.

झालं असं. तू त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी मला म्हणालास, "जाऊ दे विनू, बॉयलर पुढच्या वर्षी तपासू. सुनंदा ऐकणार नाही, आणि मलाही वाटतं दाखवून यावं." एवढंच. साधं बोललास, आणि चष्माही पुसला नाहीस. आणि मी घाबरलो. तुझ्या छातीसाठी नाही. मी तोवर अख्ख्या मंडळाला शनिवारचं आमंत्रण दिलं होतं. कैसरच्या आरमाराला जे जमलं नाही ते आमचा दिगू करून दाखवणार, असं सांगितलं होतं. वडे सांगितले होते. ओस्टमानांना म्हणालो होतो की हिंदुस्थानातून माणसं येणार आहेत. आता सगळ्यांना नाही म्हणायचं, आणि लोक म्हणणार, विनूचं काय, भागा तीननं. याची भीती वाटली मला, दिगू. एवढीशी भीती.

मी ऑफिसच्या जिन्यात गेलो आणि फोन लावला. "चिंचणीकर," मी म्हणालो. त्या मुलीला मी बॉयलरची सगळी गोष्ट सांगितली, ती खूप हसली, म्हणाली अशी सबब आजवर कुणी दिली नाही, आणि अकरा आठवड्यांनंतरची तारीख दिली. वर येऊन मी तुला म्हणालो, अरे, प्राक्सिसचा फोन आला होता, डॉक्टर रजेवर, तारीख ढकलली त्यांनी. तू म्हणालास, "आल्झो, मग बॉयलर." आणि तुझा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी तुझ्यावर उपकार केले.

गुरुवारी म्हाताऱ्यानं बॉयलरमध्ये थंड पाणी भरून दुप्पट दाब दिला, कान लावून ऐकलं, एकेक सांधा बोटानं चाचपला. तू त्याच्या मागे उभा, बायकोच्या बाळंतपणाला उभा राहावा तसा. कागदावर शिक्का बसला. तू म्हणालास, "बघ, या देशात बॉयलरला तज्ज्ञ लगेच मिळतो." मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. 

शनिवारी तिला पट्ट्या नव्हत्या. ते मात्र तुझं स्वतःचं. पट्ट्या तयार होत्या, खोक्यात होत्या, पण तुला आधी तिला मूळच्यासारखी बघायची होती. आधी दुखणं बघू, मग औषध, म्हणालास. ती काय सुंदर निघाली, दिगू! दोन्ही धुराड्यांतून धूर, पाणी कापत, पहिला फेरा, दुसरा फेरा. मग ओस्टमानांची टगबोट बाजूनं गोल गोल फिरायला लागली, तिच्या लाटा उठल्या, आणि नासाऊ झुलली. आधी थोडीशी. मग जास्त. प्रत्येक लाट नेमकी वेळेवर तिला ढकलत होती. काठावरचे लोक हसत होते, त्यांना गंमत वाटत होती. तू ओरडलास, "गेनाऊ!", अगदी बरोबर, आणि टाळी वाजवलीस. एवढा मोठा आवाज मी तुझ्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. मग ती आडवी झाली, आणि तू पाण्यात.

तू तिला उचलून बाहेर आणलंस, वासरू आणावं तसं. कुणाला हात लावू दिला नाहीस. बाकावर बसलास, ती मांडीवर, तिच्यातून पाणी ओघळतंय, तुझ्यातून पाणी ओघळतंय. ओस्टमान अजून ओरडतच होते, पण आता घोंगडी मागत होते. तू मला म्हणालास, "कागदावर होतं तसंच झालं." मग चहा मागितलास. मी थर्मासचं झाकण काढलं, कप भरला, आणि वळलो.

ओस्टमानांनी तुझ्या छातीवर दाब दिला. रुग्णवाहिका येईपर्यंत देत राहिले, सत्तरीचा माणूस, मोजत, मोठ्यानं. मी कप धरून उभा होतो. तो कप मी कुणाला दिला, कुठे ठेवला, मला आठवत नाही. मी, ज्याला न झालेल्या गोष्टीही आठवतात.

तेव्हापासून मी घाबरलेला आहे. सकाळी उठून मनगट धरतो. फोन वाजला की तुझ्यासारखा पडद्याकडे बघतो. तुझ्या घराची बेल दाबायच्या आधी जिन्यात थांबतो, आणि वहिनी दार उघडून म्हणतात, या भावजी, तुम्ही आहात म्हणून धीर आहे. दिगू, कुणी गळा धरला असता तर बरं वाटलं असतं.

दहाव्या दिवशी वहिनी म्हणाल्या की त्या प्राक्सिसविरुद्ध तक्रार करणार. माणसाची तारीख अशी ढकलतात कशी? डॉक्टर मंडळाला पत्र पाठवायचं, आणि पत्र भावजींनी लिहायचं, कारण भावजींचं जर्मन चांगलं. मीरा तिथेच होती. तुझी लेक, सोळा वर्षांची, आपलं मराठी सगळं समजून जर्मनमध्ये उत्तर देणारी. ती मला म्हणाली, "विनूकाका, त्या बाईचं नावही लिही. जिनं फोन केला तिचं." मी म्हणालो, लिहितो. रविवारपर्यंत लिहितो म्हणालो.

अकराव्या दिवशी लिहायला बसलोसुद्धा. इतकं उत्तम पत्र झालं असतं की त्या मुलीची नोकरी गेली असती. दोन ओळी लिहून मी लॅपटॉप मिटला.

आणि दुसऱ्या दिवशी माझा मोबाइल वाजला. तुझ्या नावापुढे तिथे माझाच नंबर आहे ना. तीच मुलगी. आनंदात होती. "हेर चिंचणीकर? एक जागा रिकामी झालीय. उद्या सकाळी सव्वाआठला याल का?"

मी काय म्हणालो असेन? अठरा वर्षांची सवय आहे, दिगू. मी म्हणालो, "जा, गेर्ने." हो, आनंदानं. तू जाऊन बारा दिवस झाले होते आणि मी तुझी तारीख घेतली. ती म्हणाली, बॉयलर कसा आहे? मी म्हणालो, पास झाला. फोन ठेवल्यावर मी जिन्यात खाली बसलो. कोण बोललं ते मला कळेना. खोटं बोलताना इतकी वर्षं मला नेहमी कळायचं की बोलणारा मी आहे.

सकाळी आठपासून मी त्या प्राक्सिससमोरच्या फुटपाथवर उभा. सव्वाआठला आत गेलो. म्हणालो, हेर चिंचणीकरांचा मित्र आहे, ते वारले. ती मुलगी पंचविशीची असेल, केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं आवाज एकीकडून येतोय आणि माणूस दुसरीकडे उभा आहे. पण ती तेवढं बोलली नाही. तिनं स्क्रीन बघितली आणि तिचा चेहरा उतरला. "त्यांनी मला तारीख पुढे न्यायला सांगितली," ती म्हणाली, "आणि मी नुसती हसले. मी विचारायला हवं होतं का, त्रास होतोय का म्हणून?"

ती घाबरली होती, दिगू. माझीच भीती, माझ्याच मापाची, तिच्या तोंडावर. मी म्हणालो, तुमची काही चूक नाही. ती म्हणाली, तुम्हाला काय माहीत? आणि मी तिथून पळालो.

रविवारी दुपारी तुझ्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर नासाऊ होती. ओस्टमानांनी ती नेऊन, वाळवून, तेलपाणी करून परत आणून ठेवली होती, आणि तुझ्या त्या पट्ट्याही बसवल्या होत्या, न विचारता. वहिनींनी चष्मा लावला, हात पुढे केला आणि विचारलं की पत्र आणलं का.

मी म्हणालो, "वहिनी, पत्र लिहिता येत नाही. तो फोन प्राक्सिसनं केला नव्हता. मी केला होता."

मग मी सगळं सांगितलं. उभ्यानंच. जिना, बॉयलरची गोष्ट, तुला मारलेली थाप. मध्येच मी म्हणालो की त्या तीन दिवसांत मला शंभर वेळा वाटलं तुला खरं सांगावं. वहिनींनी तेवढ्यात विचारलं, "किती वेळा?" मी म्हणालो, एकदा. गुरुवारी, शिक्का बसला तेव्हा.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मीरा खोलीतून आली, फ्रिजमधून दही घेतलं, मी जेवायला थांबणार आहे का असं जर्मनमध्ये विचारलं, उत्तर न मिळताच परत गेली आणि दार लावून घेतलं. वॉशिंग मशीन फिरत होतं. वहिनींनी विचारलं, "यांना शेवटपर्यंत वाटत होतं की तारीख डॉक्टरांनीच ढकलली?" मी हो म्हणालो.  त्या ओरडतील असं वाटत होतं, आणि ओरडल्या असत्या तर मी त्यांचा फार आभारी झालो असतो. मशीन थांबलं. त्या उठल्या, कपडे काढून टोपलीत ठेवले, एक बनियन उलटा होता तो सुलटा केला, पुन्हा येऊन बसल्या.

मी म्हणालो, "वहिनी, काहीतरी बोला."

"मीराला तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "जर्मनमध्ये सांगा. मराठीत सांगितलंत तर गोष्ट होईल."